लाल दिवा की पिवळा? फॉल्स अलार्म आणि फॉल्ट यांतला घोळ

मी फायर अलार्म दुरुस्त करतो. दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) सुरू झालं की माझा फोनही सुरू होतो. "भाऊ, फायर अलार्म फॉल्ट मारतोय, रातभर वाजतोय." जळगाव असो, धुळं असो की शिरपूर, वाक्य तेच. मी एकच विचारतो, "लाल शे का पिवया?" निम्म्या लोकांना सांगता येत नाही. बझर दाबून बंद केलेला असतो, पॅनलकडे, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीकडे, कुणी पाहिलेलंच नसतं.

फॉल्स अलार्म सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे दोनच वाक्यं. डिटेक्टरच्या (छतावरच्या धूर ओळखणाऱ्या डबीच्या) आतल्या खोबणीत धूर गेला काय, रुईचा तूस गेला काय, की नंदुरबारकडे मिरचीची धूळ गेली काय, त्याला तो धूरच वाटतो. लाल दिवा लागतो, हूटर वाजतात, आणि डिटेक्टर साफ केला किंवा जागेला शोभेल असा बसवला की प्रश्न मिटतो. डोक्याला ताप आहे, पण यंत्रणा जागी आहे.

फॉल्ट याच्या अगदी उलट. पिवळा दिवा म्हणजे पॅनल सांगतंय की अमुक भागाचं मला काही कळेनासं झालंय. तिथे आग लागली तरी पॅनल गप्प बसू शकतं. आणि लोक नेमके लाल दिव्याला घाबरतात, पिवळ्याला "किरकोळ आहे, सोमवारी बघू" म्हणतात.

पॅनलला हे कळतं कसं? साध्या पॅनलवर प्रत्येक झोनची, म्हणजे इमारतीच्या एकेका भागाची, दोन तारांची लाइन असते आणि तिच्या अगदी शेवटच्या टोकाला एक चिमुकला रेझिस्टर. त्याचा रोध पॅनलप्रमाणे बदलतो, ४.७ किलोओहमचा बऱ्याचदा दिसतो. त्यातून सतत काही मिलिअँपिअर करंट वाहतो. तो तेवढाच वाहतोय म्हणजे तार शेवटपर्यंत धड आहे. डिटेक्टरने धूर पकडला की करंट ठरावीक पातळीपर्यंत वाढतो, तो फायर. करंट थांबला तर तार कुठेतरी तुटली, तो ओपन फॉल्ट. रंगकाम करताना पेंटरने एक डिटेक्टर फिरवून काढून ठेवला, तरी बऱ्याच बेसमध्ये (डिटेक्टर ज्यात बसतो त्या बैठकीत) लाइन तिथेच तुटते आणि त्याच्या पुढचे सगळे डिटेक्टर मुके होतात. छतावर दिसायला दहापैकी नऊ जागेवर, कामाचे तीन.

आता रिसेट. फायरचा इशारा रिसेटचं बटण दाबेपर्यंत पॅनल धरून ठेवतं, म्हणून तिथे त्या बटणाला अर्थ आहे. फॉल्ट बहुतेक पॅनलवर कारण दूर झालं की आपोआप जातो. तार तुटलेली असताना दहा वेळा रिसेट दाबा, मिनिटभरात पिवळा दिवा परत हजर. आणि बझर सायलेन्स केला म्हणजे फक्त आवाज गेला, फॉल्ट तिथेच आहे.

माझा खरा राग एका जुगाडावर आहे. एका डाळमिलमध्ये पॅनल हिरवंगार, एकही फॉल्ट नाही. झाकण उघडलं तर झोन ३ ची तार सोडवून बाजूला गुंडाळलेली, आणि शेवटच्या डिटेक्टरात असायला हवा तो रेझिस्टर थेट पॅनलच्या टर्मिनलवर पिळलेला. पॅनल बिचारं समजतंय, लाइन धड आहे. प्रत्यक्षात अख्खं गोडाऊन आंधळं. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी-जुलैत बी फॉर्म (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यायची वेळ आली की असली हातचलाखी सुचते. त्यापेक्षा पिवळा दिवा लागलेला मला चालेल. तो निदान खरं बोलतो.

बाकीचे फॉल्ट साधे. लाइट गेली की मेन्स फॉल्ट दिसणारच, घाबरू नका, पण पॅनल तेव्हा बॅटरीवर आहे हे ध्यानात ठेवा. बॅटरी म्हणजे १२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवाल तर त्या लवकरच माना टाकतील. एक बदलून भागत नाही, जोडीच बदला. पहिल्या पावसानंतर अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट जमिनीकडे गळतोय असा इशारा, आला तर आधी उघड्यावरचे जंक्शन बॉक्स उघडून पाहा.

पिवळा दिवा दिसला तर बझर खुशाल बंद करा, पण आधी झोन आणि वेळ लिहा. दुरुस्ती होईपर्यंत त्या भागात माणूस फिरता ठेवा, रात्री तर नक्कीच. मला फोनवर "झोन ३, ओपन, रात्री २:१०" एवढं सांगितलंत तरी मी योग्य सामान घेऊन निघतो. परवाच एका रजिस्टरात नोंद वाचली: "पॅनल वाजला. बंद केला. आता ठीक." खाली तीच ओळ, सलग अकरा रात्री.