पांडा बघायला भल्या सकाळी का निघायचं? आमच्या चीन सहलीची माहिती

या सहलीसाठी नाव नोंदवणारी बहुतेक मंडळी पांडासाठीच येतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

रानातले जायंट पांडा जगात फक्त चीनमध्ये, सिचुआन, शान्शी आणि कान्सू या तीन प्रांतांतल्या डोंगरांत उरले आहेत. 2015 मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ते 1,864 भरले. बांबूच्या दाट रानात ते एकेकटे राहतात. तिथे पांडा दाखवण्याचं आश्वासन आम्ही देत नाही. आपण त्यांना बघतो ते सिचुआनमधल्या चेंगदू शहरातल्या संशोधन आणि प्रजनन केंद्रात. रानातून वाचवून आणलेल्या सहा पांडांपासून 1987 मध्ये हे केंद्र सुरू झालं.

पांडाची आतडी मांसाहारी प्राण्याची, पण आहार जवळजवळ सगळा बांबूचा. खाल्लेल्यातलं फार थोडं अंगी लागतं, म्हणून दिवसातले दहा-बारा तास खाण्यात जातात आणि उरलेला बराचसा वेळ झोपेत. सकाळी ताजा बांबू आला की ते उघड्यावर निवांत बसून खातात, लहान पांडा झाडांवर चढतात. ऊन त्यांना सोसत नाही. पारा 26 अंशांच्या आसपास गेला की त्यांना एसीच्या खोल्यांत ठेवतात, आणि मग काचेपलीकडे झोपलेली पाठ तेवढी दिसते. म्हणून त्या दिवशी हॉटेलात बसून नाश्ता नाही. न्याहारी बांधून घ्यायची आणि केंद्राचं दार उघडायच्या वेळी तिथे हजर राहायचं. आवार खूप मोठं आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, आतल्या बॅटरी गाडीची सोय करू.

पांडाला कडेवर घेऊन फोटो काढता येतो का, असं खूप जण विचारतात. येत नाही. माणसाकडून त्यांना आजार लागू शकतो. हा नियम आम्हाला मनापासून पटतो.

पिल्लं बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मतात, तेव्हा वजन जेमतेम 100 ग्रॅम. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती अंगावर काळे-पांढरे केस घेऊन चांगली गुटगुटीत होतात. 1 मेच्या सुट्टीत आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळा चीन घराबाहेर पडतो, त्या तारखा आम्ही टाळतो.

चेंगदूच्या आधी शीआन. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीचे सैनिक तर बघायचेच, पण आम्ही जास्त वेळ ठेवला आहे मोठ्या रानहंस पॅगोडासाठी. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो 652 मध्ये उभा राहिला. हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मराठी माणसाने त्या पॅगोडापाशी घाईने फोटो काढून निघू नये, असं आम्हाला वाटतं.

शीआनहून बुलेट ट्रेनने चिनलिंग पर्वत पार करून सुमारे चार तासांत चेंगदू. तिथून एक दिवस लशानचा 71 मीटर उंच बुद्ध, आणि एका संध्याकाळी क्षणात मुखवटे बदलणारं सिचुआन ऑपेरा.

जेवणाची काळजी शाकाहारी मंडळींना असतेच. सिचुआनी मिरी ही आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलतबहीण. जिभेला तशाच मुंग्या येतात. मात्र मापो तोफू या सोया पनीरच्या पदार्थात सहसा खिमा असतो, आणि नुसत्या भाजीतही कधी कधी डुकराची चरबी. बौद्ध मठांच्या भोजनगृहांत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन पाहुण्यांचीही सोय होते. बाकी ठिकाणी टूर लीडर आचाऱ्याशी स्वतः बोलून घेतात.

तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही. भारतातूनच रोमिंग सुरू करून निघा. पैसे बहुतेक सगळीकडे मोबाइलवरूनच देतात. अलीपे ॲपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड घरीच जोडून घ्या, थोडे युआन जवळ ठेवा. चीनमधल्या देशांतर्गत विमानात ‘3सी’ ही चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. रेल्वेचं आणि पांडा केंद्राचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच निघतं, म्हणून नाव नोंदवताना स्पेलिंग पासपोर्ट समोर ठेवूनच लिहा. परतीनंतरही तो किमान सहा महिने वैध असायला हवा.