छोटा रीफ टँक आपोआप चालू लागला, त्यामागची पार्श्वभूमी

रीफ टँक म्हणजे जिवंत पोवळ्यांची समुद्री टाकी. समुद्री टाकी जितकी मोठी तितकी सांभाळायला सोपी, हा सल्ला या छंदात अनेक दशके दिला गेला आणि त्यात तथ्य होते. पाणी भरपूर असले की चूक सावकाश वाढते. 60 लिटरच्या टाकीतून रोज 1 लिटर पाणी वाफ होऊन जाते, मीठ मात्र आतच राहते. वरून गोडे पाणी घातले नाही तर पाचव्या दिवशी खारटपणा दर हजारी 35 वरून 38 च्या पुढे जातो. 400 लिटरच्या टाकीतून रोज 4 लिटर उडाले तरी तेवढ्याच दिवसांत तो 37 च्या आत राहतो. माणूस दोन दिवस बाहेरगावी गेला तर मोठी टाकी ते सोसते, छोटी सोसत नाही. म्हणूनच आपोआप चालणाऱ्या उपकरणांची खरी गरज छोट्या टाकीला आहे. ही उपकरणे एकदम आलेली नाहीत. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी हाताने केलेले काम आहे, आणि ते काम का करावे लागते हे समजायला लागलेली वर्षे आहेत.

1846 साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला नेली. प्रवासात ती गडगडू नयेत म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने मोठ्या स्पंजावर टाचली होती. लंडनमध्ये रोज ताजे समुद्राचे पाणी मिळणे अवघड होते. तेव्हा घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवले. ती पोवळी जवळजवळ 3 वर्षे टिकली. आज लाटा उठवणारा वेव्ह पंप आणि फेसाने घाण काढणारा स्किमर मिळून जे वायुवीजन करतात, ते तिथे त्या मुलीच्या हातांनी होत होते. तिचे नाव कुठे ठळकपणे आलेले नाही, पण या इतिहासातले पहिले रोजचे वेळापत्रक तिनेच पाळले.

मात्र ती थंड समुद्रातली, एकेकटी वाढणारी पोवळी होती. त्यांच्या शरीरात शैवाल राहत नाही, त्यामुळे त्यांना तीव्र उजेड लागत नव्हता. उष्ण कटिबंधातल्या रीफची पोवळी ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती घरात जगवायला आणखी शतकभराहून जास्त काळ जावा लागला.

दरम्यान पाण्याची बाजू पुढे सरकली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी त्याच सुमारास कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृती मांडली: खाण्याचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढे 4 क्षार. त्यात कॅल्शियम नव्हते. समुद्रफुलांचे त्यावर भागले; कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधणाऱ्या पोवळ्याचे भागले नसते. विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड यांनी लंडनच्या 1871 च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात तळाशी अंधारा, दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद बांधला आणि पंपांनी पाणी अखंड फिरते ठेवले. टाकीखालच्या कपाटात आपण जो संप, म्हणजे लपवलेली जोडटाकी, बसवतो त्याचे मूळ इथे आहे, आणि त्यामागचा विचारही तोच: बघायची टाकी लहान असली तरी एकूण पाणी जास्त हवे.

उजेडाचे कोडे विसाव्या शतकात उलगडत गेले. 1928–29 च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेत मॉरिस यंग यांच्या तुकडीने अंधारात ठेवलेली पोवळी आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतात हे नोंदवले. छंदाला मात्र याचा उपयोग करून घेता आला नाही, कारण घरी रीफला पुरेल असा दिवाच नव्हता. शिवाय लोखंडी चौकटीच्या टाक्या खाऱ्या पाण्याने गंजत. ती अडचण 1960 च्या दशकात सिलिकॉनने चिकटवलेल्या काचेच्या टाक्यांनी आणि तयार समुद्री मिठाच्या पाकिटांनी दूर केली.

याच दशकाच्या सुरुवातीला जकार्तामधून एक वेगळी वाट दिसली. ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. रीफजवळून आणलेले जिवंत खडक, समुद्राचे पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे. फिल्टर नाही. पांढरे केलेले पोवळ्याचे सांगाडे आणि खडीखालचा फिल्टर वापरणाऱ्या पाश्चात्त्य छांदिष्टांना हे पटायला वीसेक वर्षे लागली. अशा जिवंत खडकाच्या, म्हणजे लाइव्ह रॉकच्या, पृष्ठभागावर अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात, आणि आतल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या भागात नायट्रेटचा वायू करणारे. फिल्टर तिथे होताच. तो खडकाच्या आत होता. आज कोरड्या खडकाने टाकी सुरू केली तरी हेच जिवाणू वाढवावे लागतात. सुमारे 2 मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया घालायचा आणि घातल्यापासून 24 तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागेपर्यंत थांबायचे. याला बहुधा 3 ते 6 आठवडे लागतात. उपकरणे आपोआप चालवणारा कोणताही कंट्रोलर हे आठवडे कमी करत नाही.

जर्मन भाषक छांदिष्टांनी उरलेले तुकडे जुळवले, आणि माझ्या मते आजचा रीफ टँक इथेच तयार झाला. प्रोटीन स्किमर हे सूक्ष्म बुडबुड्यांच्या फेसावर सेंद्रिय घाण चिकटवून पेल्यात काढणारे यंत्र. जर्मनीत ते 1960 च्या दशकापासून रूढ होत गेले. स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्कवासर, वापरण्याचा आग्रह धरला. बर्लिनमध्ये डीट्रिश स्ट्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाइव्ह रॉक, जोरदार स्किमर आणि मेटल हॅलाइड दिव्यांचा प्रखर प्रकाश एकत्र आणला. हीच बर्लिन पद्धत. स्ट्यूबर यांच्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोरा या पोवळ्याच्या फांद्या तोडून वाटल्या गेल्या आणि जगभर वाढल्या. पुढे पाषाण-पोवळ्यांचा व्यापार 1990 पर्यंत वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट 2 खाली आला, तेव्हा टाकीत वाढवलेल्या फांदीचे महत्त्व आणखी वाढले.

अमेरिकेत 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ‘मिनीरीफ’ घरोघरी नेला. त्यांचा भर ठिबकत्या, अर्धकोरड्या फिल्टरवर होता. प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकले की अमोनिया झपाट्याने नाहीसा होई, पण नायट्रेट तिथेच साचत राही, कारण ऑक्सिजन नसलेला कोपरा त्या रचनेत नव्हताच. काही वर्षांत लोकांनी गोळ्या काढून टाकल्या आणि संपाची टाकी ठेवली. जीन जोबेर यांची खोल वाळूची आणि वॉल्टर अ‍ॅडी यांची शैवाल-जाळीची पद्धतही याच काळातली. दोन्ही आजही चालतात.

सगळ्यात कळीचा प्रश्न नंतर आला: पोवळी जोमाने वाढू लागली की पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट संपते. सांगाडा बांधताना दोन्ही ठरलेल्या प्रमाणात लागतात. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचे माप, एकक डीकेएच) 1 डीकेएच घटते तेव्हा कॅल्शियम साधारण 7 मिलिग्रॅम प्रति लिटर घटते. पाण्यात कॅल्शियम 420 च्या आसपास असते, अल्कलिनिटी फक्त 8 डीकेएच. म्हणून रोज 1 डीकेएच वापरणाऱ्या टाकीत आठवडाभरात अल्कलिनिटी रसातळाला जाते आणि कॅल्शियम जेमतेम 50 ने उतरलेले दिसते. कॅल्शियमची चाचणी बघून निर्धास्त राहणाऱ्याच्या पोवळ्यांच्या फांद्या बुडापासून सोलवटू लागतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

यावर तीन उत्तरे निघाली. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइडने पोवळ्याची खडी विरघळवतात; मोठ्या टाकीसाठी उत्तम, छोटीसाठी अवजड. दुसरे उत्तर चुन्याची निवळी. लिटरला सुमारे 1.5 ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते आणि द्रावणाचा पीएच 12 च्या वर जातो. अशी 1 लिटर निवळी 60 लिटरच्या टाकीत सुमारे 1.9 डीकेएच वाढवते, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरपाई आणि पोषण एकदमच. तिसरे उत्तर हान्स-वर्नर बालिंग यांनी 1990 च्या दशकात मांडले: कॅल्शियम आणि कार्बोनेट वेगवेगळ्या द्रावणांतून द्यायचे. एका लिटर आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात 84 ग्रॅम खाण्याचा सोडा, दुसऱ्या लिटरमध्ये 73.5 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही समान मिलिलिटर दिली की हिशेब जुळतो. 60 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला सोड्याचे सुमारे 21 मिलिलिटर लागतात. ही दोन द्रावणे एकाच जागी, एकाच वेळी पडली तर पांढरा साका होतो आणि दोन्ही फुकट जातात. त्यामुळे किमान अर्ध्या तासाचे अंतर आणि जोराचा प्रवाह हवा. शिवाय मागे साधे मीठ उरते. महिनोन्‌महिने फक्त दोन द्रावणे दिली तर खारटपणा हळूहळू चढतो. इतर क्षारांच्या तुलनेत साध्या मिठाचे प्रमाणही वाढते. ते प्रमाण बिघडू नये म्हणून बालिंग यांनी तिसरे, सोडियम क्लोराइड नसलेले मिश्रण सुचवले होते.

स्वयंचलनाला खरे काम इथे मिळाले. रोज 11 मिलिलिटर हाताने एकदम ओतण्यापेक्षा पेरिस्टाल्टिक (नळी दाबून द्रव थोडाथोडा ढकलणाऱ्या) डोसिंग पंपाने 24 हप्त्यांत दिले की पीएच आणि अल्कलिनिटी जवळपास सपाट राहते. 1990 च्या दशकात पीएच व तापमान बघून सॉकेट चालू-बंद करणारे कंट्रोलर छांदिष्टांच्या हाती आले. 2005 मध्ये आर्डुइनो आणि 2012 मध्ये रास्पबेरी पाय हे स्वतः प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड आल्यावर हेच काम सुटे भाग जोडून घरी करता येऊ लागले: तापमानासाठी डीएस18बी20 सेन्सर, पाण्याची पातळी ओळखणारा फ्लोट स्विच, उपकरणांची वीज चालू-बंद करणारा रिले बोर्ड, डोसिंग पंप. 2010 च्या आसपास एलईडी दिवे परवडू लागले. मेटल हॅलाइडची उष्णता गेली, आणि उजेड पहाटेपासून पायरीपायरीने वाढवणे सॉफ्टवेअरचे काम झाले. छोट्या टाकीसाठी हा मोठाच दिलासा होता. पूर्वी दिव्याखालचे थोडेसे पाणी दुपारपर्यंत तापून जाई.

उपकरणे वाढली तसे बिघडण्याचे प्रकारही बदलले. पूर्वी माणूस विसरत असे, आता रिले चिकटतो. 100 वॅटचा हीटर चालूच राहिला तर 60 लिटर पाणी तासाला जवळपास 1.5 अंशाने तापते. रात्रभरात टाकी संपते. त्यावर जुना आणि खात्रीचा तोडगा असा की 50 वॅटचे दोन हीटर वेगवेगळ्या रिलेंवर लावायचे, त्यांचे स्वतःचे थर्मोस्टॅट 27 अंशांवर ठेवायचे आणि कंट्रोलर 25.5 अंशांवर. कंट्रोलर फसला तरी थर्मोस्टॅट आडवा येतो.

गोड्या पाण्याच्या आपोआप भरणीत फ्लोट स्विच हा कमजोर दुवा. त्यावर मिठाची पापडी चढते किंवा गोगलगाय जाऊन बसते, आणि पंप थांबतच नाही. 10 लिटर जास्त गेले तर खारटपणा 35 वरून 30 वर येतो. त्या भांड्यात चुन्याची निवळी असेल तर 5 लिटरमध्येच सुमारे 9 डीकेएचचा भार पडतो आणि पाणी दुधासारखे पांढरे होते. त्यामुळे भरणीचे भांडे 4–5 लिटरचेच ठेवावे, वर दुसरा, पंप बंद करणारा स्विच लावावा, आणि सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त 60 सेकंद अशी मर्यादा घालावी. निवळी वापरायची तर ती संथ डोसिंग पंपानेच द्यावी. भरणीच्या नळीचे टोक पाण्याच्या वर असावे, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफन लागून पाणी वाहत राहते. वायरी सॉकेटपेक्षा खाली झोल देऊन वर न्याव्यात, म्हणजे ओघळ जमिनीवर पडतो, आणि सगळ्या जोडणीला विजेची गळती ओळखणारा ब्रेकर असलाच पाहिजे.

डोसिंग पंपाची सिलिकॉन नळी दाबून दाबून सैल पडते आणि 10 मिलिलिटरचे 8 होतात. दर दोन-तीन महिन्यांनी मोजपात्रात द्रावण काढून पंप पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. पीएच प्रोबही 7 आणि 10 च्या बफरमध्ये महिन्याकाठी तपासावा. 2010 च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्कलिनिटी स्वतः मोजणारी यंत्रे बाजारात आली. ती पाण्याचा नमुना ओढून, अभिक्रियाद्रव्य घालून आकडा देतात. त्या आकड्यावर डोस आपोआप बदलू देण्याआधी निदान दोन आठवडे तो हाताच्या चाचणीशी ताडून पाहावा, आणि नंतरही रोजच्या डोसवर 20 टक्क्यांपेक्षा जास्त बदल होणार नाही अशी अट घालावी. द्रव्य संपले किंवा नळीत हवा शिरली की यंत्र अल्कलिनिटी चुकीची दाखवते. ती खूप कमी दिसली तर अट नसलेला कंट्रोलर सोडा ओततच राहतो.