अमेरिकेची दारं आधी सगळ्यांना उघडी होती?

‘पूर्वी अमेरिकेत कुणीही बोटीत बसून जाई, हे निर्बंध अलीकडचे’, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

त्यात थोडं तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ युरोपातून जाणाऱ्यांना फारशी अडकाठी नव्हती. ‘सगळ्यांना’ हा शब्द मात्र चुकतो. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टाच वर्ज्य ठरवला. आपला हिंदुस्थानही त्यातच. १९२१ मध्ये देशवार कोटे आले, १९२४ मध्ये ते आणखी आवळले आणि दक्षिण व पूर्व युरोपातल्यांनाही चाप बसला. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला, वर्षाला फक्त १०० जणांचा! दार खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. निर्वासितांसाठी स्वतंत्र, कायमची व्यवस्था तर थेट १९८० ची.

पडताळायचं कसं? या कायद्यांचा मूळ मजकूर इंटरनेटवर मोफत आहे. १९१७ च्या कायद्यात वर्ज्य प्रदेशाची हद्द चक्क अक्षांश-रेखांशांत दिली आहे. नाहीतर ओळखीतल्या अमेरिकावासी कुटुंबांना विचारा, पहिलं माणूस तिकडे कधी गेलं? बहुतेकांचं उत्तर १९६५ नंतरचंच निघेल.