नासर यांचा पुतळा तहरीर चौकात का नाही?

इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांच्या पुतळ्याची, त्यांच्या निधनानंतर, मागणी झाली तेव्हा कैरोच्या तहरीर चौकात चौथरा तयारच होता. राजा फारूकने तो बांधला होता आपल्या आजोबांसाठी, खेदिव (इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता) इस्माइलसाठी. पण पुतळा बसण्याआधीच जुलै १९५२ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी फारूकलाच देशाबाहेर धाडलं. त्यांचे म्होरके होते नासर. चौकाचं 'इस्माइलिया' हे नाव जाऊन 'तहरीर' झालं, चौथरा मात्र तसाच राहिला.

२८ सप्टेंबर १९७० रोजी नासर हृदयविकाराने गेले. वय अवघं ५२. जॉर्डनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी लढवय्ये यांच्यातला रक्तपात थांबवण्यासाठी बोलावलेली अरब परिषद नुकतीच आटोपली होती. कुवेतच्या अमिरांना विमानतळावर निरोप देऊन ते परतले आणि काही तासांत सगळं संपलं. अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून सपाटून मार खाल्लेल्या नेत्यासाठी ही गर्दी जमली होती, हे विसरून चालणार नाही.

त्या भारावलेल्या दिवसांत ज्येष्ठ नाटककार तौफिक अल-हकीम यांनी 'अल-अहराम' या दैनिकातून पुतळ्याची मागणी केली. गंमत म्हणजे चारच वर्षांत याच हकीम यांनी नासर यांच्या राजवटीवर झोड उठवणारं पुस्तक काढलं!

पुतळा काही झाला नाही. मला विचाराल तर तो होणारच नव्हता. नंतर अध्यक्ष झालेल्या सादात यांनी १९७२ मध्ये सोव्हिएत सल्लागारांना घरी पाठवलं, १९७७ मध्ये ते थेट शत्रूराष्ट्र इस्रायलमध्ये, जेरुसलेमला गेले. नासर यांची एकेक धोरणं मोडीत काढणारा माणूस त्यांनाच भर चौकात कशाला उभं करेल? पुढे मेट्रोच्या कामात चौथराही हटला. तहरीरखालच्या स्थानकाला नाव मिळालं सादात यांचं. नासर यांचं स्थानक त्याच्या पुढचं. २०२० पासून चौकात दुसरा रामसेस या प्राचीन फेरोचा ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ) आहे. फेरोवरून कुणी भांडत नाही.

नासर यांची कबर चौकापासून बरीच लांब, त्यांच्या घराजवळच्या मशिदीत आहे. मनशियत अल-बकरीतल्या त्या घराचं संग्रहालय व्हायला २०१६ साल उजाडलं. उद्घाटन केलं अध्यक्ष सिसी यांनी, नासर यांच्या स्मृतिदिनीच. तिथे त्यांची कचेरी आहे, हौसेने वापरलेले कॅमेरे आहेत. २०१३ मध्ये सिसींनी सत्ता हाती घेतली तेव्हा समर्थकांच्या हातांत दोघांचे फोटो शेजारी शेजारी असायचे, त्यामुळे हा मुहूर्त आपसूक जुळला असं मानणं कठीण आहे. नासरवादी मंडळी मात्र २३ जुलैला (१९५२ च्या उठावाच्या दिवशी) आणि २८ सप्टेंबरला जमतात ती कबरीपाशी.