ही फाईल कोणाकोणाला आकडे पुरवते?

भोसरीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात कोटेशन कसं तयार होतं? परचेसच्या फाईलमध्ये स्टीलचे दर असतात. ते कॉस्टिंगच्या फाईलमध्ये जातात. तिथे मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, स्क्रॅपची वजावट धरून पार्टची किंमत निघते. ती कोटेशनच्या फाईलमध्ये उतरते आणि चाकणच्या गाडी कंपनीला मेल होते. प्रत्येक टप्प्यावर माणूस वेगळा, फाईल वेगळी. जोडणारी असते ती फक्त एक्सेलची लिंक.

ही लिंक जवळून पाहण्यासारखी आहे. कॉस्टिंगच्या सेलवर क्लिक केलं की फॉर्म्युला बारमध्ये दिसतं: बरोबरचं चिन्ह, फोल्डरचा पत्ता, चौकोनी कंसात फाईलचं नाव, मग शीटचं नाव, उद्गारचिन्ह आणि शेवटी सेल, समजा सी७. तिथे ‘स्टीलचा दर’ असं कुठेही लिहिलेलं नसतं, नुसती जागा असते. गोम इथेच आहे. दोन्ही फायली उघड्या असताना कोणी दरांच्या शीटमध्ये वर एक ओळ घातली, तर एक्सेल आपणहून सी७ चं सी८ करून घेतं. कॉस्टिंगची फाईल बंद असेल, तर तिला याचा पत्ताच लागत नाही. पुढच्या वेळी ती सी७ मधलाच आकडा उचलते, आणि तो आता दुसऱ्याच ग्रेडचा दर असतो. एरर येत नाही, काही लाल होत नाही. तुटलेली लिंक निदान बोंब मारते. अशी चुकीच्या सेलवर गेलेली लिंक वर्षभर गप्प राहू शकते, म्हणून मला ती फार जास्त धोक्याची वाटते. उपाय सोपा आहे: मूळ सेलला नाव द्यावं आणि लिंक त्या नावाशी जोडावी. ओळी सरकल्या तरी नाव सेलबरोबर जातं.

आता दुसरा प्रश्न. दरांची फाईल नव्या सर्व्हरवर हलवायची आहे. कोणाकोणाचं काम अडेल? खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जाणार, हे पुण्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. फाईलला मात्र आपल्या खाली कोण आहे हे माहीत नसतं. लिंकची नोंद फक्त आकडा घेणाऱ्याकडे असते, देणाऱ्याकडे नसते. त्यामुळे उत्तर हवं असेल तर सगळ्या फायलींमधून ‘मी कोणाकडून घेते’ हे गोळा करायचं आणि बाण उलटे वाचायचे. गणितात याला दिशायुक्त ग्राफ म्हणतात: फायली म्हणजे बिंदू, लिंक म्हणजे आकडा देणाऱ्या फाईलकडून घेणाऱ्या फाईलकडे जाणारा बाण.

हे गोळा कसं करायचं? कंट्रोल-एफ दाबून पूर्ण वर्कबुकच्या फॉर्म्युल्यांमध्ये उघडणारा चौकोनी कंस शोधला की सेलमधल्या बहुतेक लिंका सापडतात. सेलना दिलेली नावं, चार्ट, ड्रॉपडाउन, कंडिशनल फॉरमॅटिंग यांत दडलेल्या लिंका मात्र सुटतात. त्यांच्यासाठी थोडं आत शिरावं. २००७ पासूनची एक्सेलची एक्सएलएसएक्स फाईल ही खरं तर झिप फाईल असते. तिची कॉपी करून नावाच्या शेवटी ‘.zip’ लिहून ती उघडली की आत ‘एक्स्टर्नल लिंक्स’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात प्रत्येक स्रोत-फाईलचा पत्ता असतो. शिवाय तिच्याकडून शेवटचे घेतलेले आकडेही तिथे साठवलेले असतात. म्हणजे लिंक न तोडता कोटेशनची फाईल बाहेर पाठवली, तर कॉस्टिंगमधले आकडेही तिच्याबरोबर जातात. हे प्रत्येक मार्केटिंगवाल्याला सांगायलाच हवं.

नकाशा तयार झाला की क्रमाचा प्रश्न येतो. स्टीलचा दर बदलला, कोटेशन उघडलं, ‘अपडेट’ दाबलं, तरी जुनीच किंमत दिसते. कारण कोटेशन कॉस्टिंगच्या फाईलमध्ये सेव्ह असलेला आकडा वाचतं, आणि दर बदलल्यापासून कॉस्टिंग कोणी उघडलेलीच नसते. एका फाईलच्या आत कुठला सेल आधी मोजायचा हे एक्सेल स्वतः ठरवतं. १९७९ च्या व्हिजिकॅल्क या एक्सेलआधीच्या स्प्रेडशीटमध्ये तेवढीही सोय नव्हती. ते सरळ ओळीने किंवा स्तंभाने मोजत जाई. बंद फायलींच्या साखळीत हा क्रम आजही आपल्यालाच लावावा लागतो.

त्याची रीत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडली. ज्या फाईलमध्ये एकही बाण येत नाही ती आधी उघडून अपडेट आणि सेव्ह करायची, नकाशावरून तिचे बाण खोडायचे, मग नव्याने मोकळी झालेली फाईल घ्यायची. बाण उरले आहेत पण एकही फाईल मोकळी होत नाही, असं झालं तर उरलेल्यांत वर्तुळ आहे हे नक्की. उदाहरणार्थ, कॉस्टिंग ओव्हरहेड, म्हणजे ऑफिससारखा वरचा खर्च, काढायला कोटेशनची एकूण रक्कम घेतं आणि कोटेशन तीच रक्कम कॉस्टिंगवरून काढतं. एकाच फाईलमध्ये असं झालं तर एक्सेल इशारा देतं. बंद फायलींमध्ये विभागलेलं वर्तुळ त्याला दिसत नाही. दर वेळी अपडेट करून सेव्ह केलं की आकडा थोडा हलतो. तिथे ओव्हरहेडचा टक्का हाताने भरून तो एक बाण काढून टाकावा, बाकीच्या फायलींचा क्रम मग सरळ लागतो.