चेंडू स्वतः काही शिकवत नाही: गोल्फ, मुलं आणि जीवनकौशल्यं

खेळामुळे चारित्र्य घडतं, हे वाक्य बक्षीस समारंभात कोणी ना कोणी म्हणतंच. त्याला पुरावा काय, असं मात्र फारसं कोणी विचारत नाही. ब्रूस ऑगिल्व्ही आणि थॉमस टुटको या दोन अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञांनी तो शोधला. सुमारे 15,000 खेळाडूंच्या अभ्यासानंतर 1971 साली त्यांनी सरळ लिहिलं की असा पुरावा सापडत नाही. चिकाटी असलेली, ताण सोसणारी मुलं स्पर्धेच्या चाळणीत वर राहतात, बाकीची गळून जातात आणि श्रेय खेळाला मिळतं.

त्यानंतर संशोधकांनी प्रश्नच बदलला. खेळ काय घडवतो, हे विचारण्याऐवजी ते विचारू लागले की खेळ शिकवताना नेमकं काय केलं तर मुलाला मैदानाबाहेरही उपयोगी पडणारं काही मिळतं. या प्रश्नावर सर्वांत पद्धतशीर काम झालेल्या उपक्रमांपैकी एक गोल्फमधला आहे: अमेरिकेतला ‘फर्स्ट टी’. 1997 मध्ये तिथल्या प्रमुख गोल्फ संघटनांनी मिळून तो सुरू केला. सुरुवातीचा भर होता महागड्या क्लबांच्या दाराबाहेर राहिलेल्या मुलांना मैदान उपलब्ध करून देण्यावर. नुसतं मैदान देऊन भागत नाही हे लवकरच लक्षात आलं आणि जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. खेळातून जीवनकौशल्यं शिकवण्याच्या पद्धतीवर काम केलेल्या स्टीव्ह डॅनिश या मानसशास्त्रज्ञाचा त्यात मोठा वाटा होता. प्रामाणिकपणा, सचोटी, खिलाडूवृत्ती, आदर, आत्मविश्वास, जबाबदारी, चिकाटी, सौजन्य आणि सारासार विवेक ही नऊ मूल्यं त्याचा पाया ठरली. यादी कोणत्याही शाळेच्या भिंतीवर शोभेल अशीच आहे. फरक पडतो तो ती मैदानावर कशी उतरवतात त्यात.

गोल्फच का?

क्रिकेटमध्ये झेल जमिनीला टेकला की नाही ते पंच ठरवतो. गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू एकेका होलमध्ये, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, घालायचा असतो आणि बहुतेक वेळा पंच जवळपासही नसतो. झाडीत चेंडू तुमच्यामुळे हलला तर एक दंडाचा फटका तुम्हीच स्वतःच्या नावावर लावायचा. 1925 च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने तेच केलं. चेंडू किंचित हलल्याचं फक्त त्याला दिसलं होतं. त्याने तो फटका मोजायला लावला, स्पर्धा बरोबरीत सुटली आणि 18-18 होलच्या दोन निर्णायक फेऱ्यांनंतर तो विली मॅकफार्लेनकडून एका फटक्याने हरला. आजचे नियमही याच विश्वासावर उभे आहेत. तुमचं स्कोअरकार्ड सोबतचा खेळाडू लिहितो, दोघंही सही करतात, पण प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी तुमचीच. खऱ्यापेक्षा कमी आकडा असलेलं कार्ड जमा केलं तर सहसा थेट बाद. जास्त आकडा लिहिला गेला तर तोच कायम.

दुसरं कारण वेळेचं आहे. 18 होलच्या फेरीला साधारण चार तास लागतात. 90 फटके मारले आणि एका फटक्याला दीड सेकंद धरला, तर प्रत्यक्ष फटके मारण्यात जेमतेम सव्वादोन मिनिटं जातात. उरलेला सगळा वेळ चालण्याचा, थांबण्याचा आणि स्वतःच्या डोक्यातल्या गोंगाटाचा. कबड्डीत चूक झाली तर पुढची चढाई लगेच येते, विचार करायला उसंत नसते. गोल्फमध्ये वाईट फटक्यानंतर तीन-चार मिनिटं तोच फटका डोक्यात घोळवत चालावं लागतं. मुलाला राग कसा येतो आणि कसा उतरतो, हे शांतपणे पाहायला प्रशिक्षकाला इतकी सवड दुसरा खेळ क्वचितच देतो.

पण सवड आहे म्हणून शिकवण होतेच असं नाही. त्याच चार मिनिटांत मूल क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, आपटायलाही शिकतं.

शिकवतात ते कसं

या क्षेत्रात गेली काही वर्षं एक वाद चालू आहे: कौशल्य आपसूक झिरपतं की नाव घेऊन शिकवावं लागतं? काही प्रमाणात झिरपतं, हे खरं. तरी फर्स्ट टीसारखे उपक्रम दुसऱ्या बाजूला आहेत आणि आमच्या मते ते बरोबर आहे. क्रम असा असतो: कौशल्याला नाव द्यायचं, ते खेळातल्या एखाद्या कृतीत बसवायचं आणि सत्र संपण्याआधी मुलाकडूनच त्याचा घरातला किंवा शाळेतला वापर काढून घ्यायचा. तिसरी पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. उशीर झालेला असतो, पालक फाटकाशी उभे असतात, म्हणून.

ध्येय ठरवण्याचा धडा घ्या. ध्येयाला चार अटी असतात: ते काय करायचं या भाषेत असावं (काय टाळायचं या भाषेत नाही), मुलाला स्वतःला महत्त्वाचं वाटावं, नेमकं असावं आणि त्याच्या ताब्यात असावं. ‘मला पहिला नंबर आणायचाय’ हे चौथ्या अटीवर पडतं, कारण बाकीचे कसे खेळतील ते त्याच्या हातात नाही. ‘रोज एक मीटरवरून 20 पट (होलकडे चेंडू घरंगळवणारे हलके फटके) मारीन’ हे चारही अटींत बसतं. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक भाषणाने कळत नाही. दोन्ही ध्येयं कागदावर लिहून ‘यातलं कोणतं तू एकटा पूर्ण करू शकतोस?’ असं विचारलं की बहुधा कळतो.

रागासाठी चार पायऱ्यांचं सूत्र आहे: थांब, विचार कर, परिणामाचा अंदाज घे, मग वाग. ते पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्याला शरीराची जोड हवी. क्लब पिशवीत ठेवायचा, दहा पावलं चालायची, या दहा पावलांत हवं तेवढं चिडायचं, मग एक लांब उच्छ्वास. उच्छ्वास लांबवला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून हा भाग उगाच जोडलेला नाही. क्लब पिशवीत ठेवण्यामागचं कारण जास्त साधं आहे: हातात नसलेली वस्तू आपटता येत नाही.

एका सत्रात

12 मुलं, दोन प्रशिक्षक, 75 मिनिटं. याहून मोठा गट घेतला की मुलं रांगेत उभी राहतात, आणि रांगेत उभं मूल एकच कौशल्य शिकतं, ते म्हणजे पुढच्याला ढोसणं. सुरुवातीची दहा मिनिटं ओळखीची: समोरच्याच्या डोळ्यांत बघून नाव सांगायचं, हात मिळवायचा. वरवर बाळबोध वाटतं, पण अनोळखी मोठ्या माणसाशी धीटपणे बोलणं हे या उपक्रमांतून मुलं घरी घेऊन जातात अशा ठळक गोष्टींपैकी एक. पुढे अर्धा तास दोन-तीन ठिकाणी विभागून सराव, 25 मिनिटं प्रत्यक्ष खेळ आणि शेवटची दहा मिनिटं प्रश्नांची. एका सत्राला एकच कौशल्य. नऊ मूल्यं एका दुपारी कोंबली की नववीच्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखी गत होते.

सुरक्षेत हयगय नको. क्लब धरून हात पूर्ण लांब केल्यावर जे वर्तुळ होतं, त्याच्याबाहेर आणखी दोन पावलं मोकळी हवीत. डावखुरी मुलं रांगेच्या टोकाला. सगळ्यांचे चेंडू संपेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, आणि ‘चेंडू आणा’ हे एकच माणूस म्हणेल. मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देणं ही नेहमीची चूक. लांबी कमी होते, पण लोखंडी डोक्याचं वजन तेवढंच राहतं आणि कापलेली दांडी आणखी ताठर होते. मूल तो क्लब सांभाळण्यासाठी अख्खं शरीर फेकतं. मग फटका बसत नाही, आणि ‘मला जमत नाही’ हा धडा मात्र पक्का होतो.

आता प्रामाणिकपणाचा धडा जवळून पाहू, कारण तो सर्वांत जास्त बिघडतो. तीन होल, जोडीदाराने एकमेकांचं कार्ड लिहायचं. दुसऱ्या होलवर मुलगी म्हणते, ‘माझे पाच.’ जोडीदार म्हणतो, ‘सहा झाले.’ इथे प्रशिक्षकाने निवाडा करायचा नाही. दोघांना टीपासून (पहिला फटका मारतात त्या जागेपासून) फटक्यांची उजळणी करायला सांगायचं: पहिला कुठे पडला, दुसरा बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) अलीकडे, तिसरा... बहुतेक वेळा हुकलेला फटका उजळणीत सापडतो, म्हणजे चेंडूला न लागलेला पण मारायच्या हेतूने फिरवलेला क्लब. तोही मोजला जातो, हे मुलीला ठाऊकच नसतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांचे चुकीचे आकडे हे बहुतांशी विसरणं असतं. चालत, बोलत, चेंडू शोधत पाच-सहाच्या पुढे मोजणी लक्षात ठेवणं त्या वयाला जड जातं. अशा मुलाला खोटारडं ठरवलं तर प्रामाणिकपणा राहिला बाजूला, ते फक्त भ्यायला शिकतं. उपाय अगदी किरकोळ आहे: उजव्या खिशात दहा खडे, प्रत्येक फटक्याला एक खडा डाव्या खिशात. दुसरा उपाय रचनेतला: आठ फटके झाले की चेंडू उचलायचा आणि आठ लिहायचे. 14 हा आकडा सगळ्यांसमोर सांगायची वेळच आली नाही, तर खोटं बोलायचा मोह निम्मा उरतो. अधिकृत नियमांतही प्रत्येक होलला कमाल फटक्यांची मर्यादा असलेला असा खेळप्रकार आहे.

मोठ्या मुलांसाठी ‘स्वतःचा पार’ वापरतात. पार म्हणजे एखाद्या होलसाठी अपेक्षित फटके. होलचा पार 4 असेल, पण या मुलाचे गेल्या वेळी 7 झाले, तर त्याचा पार 7. तुलना स्वतःशी. प्रेरणेवरचं संशोधन याच बाजूचं आहे: प्रगतीवर भर असलेल्या वातावरणात मुलं अपयशानंतर जास्त टिकतात, क्रमवारीवर भर असला तर कमकुवत मुलं आधी सोडून जातात.

शेवटच्या दहा मिनिटांतले प्रश्न बंद नसावेत. ‘आज प्रामाणिकपणा शिकलो ना?’ याला बारा आवाजांत ‘हो’ मिळतो. ‘आकडा कमी सांगावासा कुठे वाटला?’ असं विचारलं की आधी शांतता पसरते. ती भरून काढण्याची घाई करायची नाही. त्यानंतर, ‘शाळेत अशी वेळ कधी येते?’ गृहपाठ, उत्तरपत्रिकेत चुकून वाढलेला एक गुण, भावाच्या नावावर ढकललेली फुटकी कपबशी. उदाहरणं मुलांनीच द्यायची. प्रतिक्रिया देताना क्रम ठरलेला असतो: काय चांगलं झालं, काय आणखी चांगलं होईल, आणि कसं. ‘कसं’ सुटलं की उरते नुसती टीका.

या सगळ्यावर पाणी फिरवायला एक गोष्ट पुरेशी आहे: प्रशिक्षकाचं वागणं. सौजन्याचा धडा देऊन उशिरा आलेल्या मुलाला चारचौघांत झापलं तर मुलं दुसरी गोष्ट लक्षात ठेवतात. सर्वांत प्रामाणिक कार्डाला चॉकलेट देणं हेही तसंच फसतं. प्रामाणिकपणाला बक्षीस लावलं की प्रामाणिक दिसण्याची स्पर्धा सुरू होते.

मोजमाप काय सांगतं

मिनेसोटा विद्यापीठातल्या मॉरीन वाइस आणि सहकाऱ्यांनी फर्स्ट टीचा अनेक वर्षं अभ्यास केला. मुलांच्या, पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या मुलाखती झाल्या. मग प्रश्नावली तयार झाली, त्यात आठ कौशल्यं: लोकांशी ओळख करून घेणं, भावना आवरणं, ध्येय ठरवणं, भांडण मिटवणं, आरोग्यदायी निवड करणं, वेगळेपणाचा आदर, मदत मागणं आणि मदत करणं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत इतर संघटित उपक्रमांतल्या मुलांशी तुलना केली, तर आठपैकी पाच कौशल्यांत फर्स्ट टीची मुलं पुढे होती. तीन वर्षं पाठपुरावा केलेल्या गटात गुण टिकून राहिले किंवा सुधारले.

हे आशादायक आहे, पण हुरळून जायचं कारण नाही. मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली नव्हती. जी मुलं वर्षानुवर्षं टिकतात ती, आणि त्यांची घरं, मुळातच वेगळी असू शकतात. उत्तरं मुलांची स्वतःची आहेत आणि उपक्रमातल्या मुलांना अपेक्षित उत्तराची भाषा येते. म्हणजे ऑगिल्व्ही आणि टुटकोंची चाळणीची शंका पुरती फिटलेली नाही. इतकं नक्की म्हणता येतं की मुलं कौशल्यांची नावं घेऊन ती घरी कुठे वापरली ते सांगू शकतात. नुसत्या खेळण्यातून हे सहसा होत नाही.

महाराष्ट्रात गोल्फ म्हटलं की चेंबूर किंवा येरवड्याची कुंपणं आठवतात. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हा हा खेळ थोडा जवळ आला, इतकंच. पण वर वर्णन केलेल्या सत्राला गोल्फचं मैदान लागतच नाही. शाळेच्या पटांगणावर फक्कीने मीटरभर व्यासाची तीन वर्तुळं आखली, रुंद डोक्याचे प्लास्टिकचे क्लब आणि टेनिसचे जुने चेंडू घेतले, तर कार्ड, जोडीदार, खडे आणि आठ फटक्यांची मर्यादा तशीच वापरता येते. मुरमाड जमिनीवर चेंडू वाकडातिकडा उसळतो, ते धड्याच्या पथ्यावरच पडतं. एक पथ्य मात्र पाळावं: पालकांना वर्तुळापासून 20-25 मीटर दूर बसवावं. जवळ असले की मूल प्रत्येक फटक्यानंतर चेंडूआधी आईबाबांकडे बघतं, आणि आकडा त्यांच्या चेहऱ्यावरून ठरतो. घरी जाताना ‘किती झाले?’ ऐवजी ‘कुठला फटका सावरलास?’ असं विचारायचं, हे त्यांना पहिल्याच दिवशी लेखी द्यावं. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.