इंग्रजीतलं नाम कोणतं, सर्वनाम कोणतं? आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

नौपाड्यातल्या आमच्या वर्गांना दिवसा मराठी शाळांमधली मुलं येतात आणि संध्याकाळी नोकरी करणारी मंडळी. नाम म्हणजे काय आणि सर्वनाम म्हणजे काय, हे दोघांनाही पाठ असतं. व्यक्तीचं, वस्तूचं, गुणाचं नाव ते नाम आणि नामाऐवजी येतं ते सर्वनाम. व्याख्या अगदी बरोबर आहे. तरीही बोलायला तोंड उघडलं की गाडी अडते, आणि ती का अडते हे नीट समजावून सांगावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

मागे आमच्या एका विद्यार्थिनीची वागळे इस्टेटमध्ये मुलाखत होती. वडिलांविषयी विचारल्यावर ती म्हणाली, 'माय फादर इज इन रेल्वेज. दे आर रिटायरिंग नेक्स्ट इयर.' समोरच्यांना कळेना, रिटायर कोण कोण होतंय? त्यांनी तसं विचारलं आणि ती गडबडली. पुढची उत्तरं येत असूनही तिला नीट देता आली नाहीत. खरं तर घरी जे शिकवलं होतं तेच ती बोलली होती: वडिलांना 'तो' म्हणायचं नाही, 'ते' म्हणायचं. मराठीत आदर सर्वनामात असतो. इंग्रजीत तो 'सर', 'मिस्टर' अशा शब्दांत आणि बोलण्याच्या सुरात असतो, सर्वनामात नसतो. वडील असोत, राष्ट्रपती असोत की शेजारचा लहान मुलगा, एकटा पुरुष म्हटला की 'ही' आणि एकटी बाई म्हटली की 'शी'. त्यात कुणाचा अपमान होत नाही. ही गोष्ट तिला आम्ही आधीच सांगायला हवी होती. आता पहिल्याच आठवड्यात सांगतो.

'यू'ची गोष्ट मात्र आपल्या ओळखीची आहे. इंग्रजीत पूर्वी एकाला 'दाऊ' म्हणत आणि अनेकांना 'यू'. पुढे मानानं एकालाही 'यू' म्हणायला लागले, जसं आपण 'तुम्ही' म्हणतो, आणि रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ गेलाच. म्हणून आजही एका माणसाला 'यू आर' म्हणतात, 'यू इज' नाही. मुलांना हे असं सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

दोन शब्दांपाशी लहान मुलं हमखास फसतात. इंग्रजी 'मी' कानाला आपल्या 'मी'सारखाच लागतो, पण त्याचा अर्थ आहे 'मला'. आपल्या 'मी'ला इंग्रजीत 'आय' म्हणतात. मूल 'मी गो टू स्कूल' म्हणतं तेव्हा ते मराठी 'मी'च वापरत असतं. तसंच 'ही'चं. 'ही माझी बहीण' या वाक्याची सवय असलेलं मूल बेधडक 'ही इज माय सिस्टर' म्हणतं. पालकांनी अशा वेळी रागावू नये. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवावीत, चूक मुलाला आपोआप दिसते.

आता ओळखायचं कसं? शब्दाच्या आधी 'द' लावून बघा. 'द डॉक्टर', 'द लिफ्ट', 'द रेन' जमतं, म्हणजे ही नामं. 'द ही', 'द देम' कधीच जमत नाही, म्हणजे ती सर्वनामं. राहुल, ठाणे अशा विशेषनामांना सहसा 'द' लागत नाही, तिथे ही कसोटी वापरू नका.

आमच्या मते याहून पक्की कसोटी दुसरी आहे. मराठीत घोडा हा शब्द 'ला' लागताच 'घोड्याला' होतो, म्हणजे आपली नामंसुद्धा रूप बदलतात. इंग्रजी नाम तसं बदलत नाही. 'राहुल कॉल्ड स्नेहा' आणि 'स्नेहा कॉल्ड राहुल' या दोन्ही वाक्यांत नावं जशीच्या तशी राहतात, फक्त जागा बदलते. त्याच जागी सर्वनामं घाला: 'ही कॉल्ड हर' आणि 'शी कॉल्ड हिम'. आता शब्दांची रूपंच बदलली. कर्त्याच्या जागी आय, ही, शी, वी, दे आणि कर्माच्या जागी मी, हिम, हर, अस, देम. 'यू' आणि 'इट' तेवढे दोन्हीकडे सारखेच राहतात. ही पाच जोड्यांची उजळणी रोज दहा मिनिटं करावी. पाढ्यांसारखी नको, वाक्यात घालूनच करावी.

वस्तूंचं लिंग हा मराठी माणसाचा आणखी एक अडथळा. आपल्याकडे लिफ्ट ती, फ्रिज तो आणि घड्याळ ते. म्हणून सोसायटीच्या तक्रारीत कुणीतरी लिहितं, 'शी इज स्टक ऑन थर्ड फ्लोअर.' वाचणाऱ्याला वाटतं, कुणी बाई अडकली आहे. लिफ्ट, फ्रिज, घड्याळ या सगळ्यांना इंग्रजीत 'इट'. या 'इट'चं एक वेगळं कामही आहे. 'पाऊस पडतोय' यात पाऊस कर्ता आहे. 'इट इज रेनिंग' मधला 'इट' मात्र कोणत्याच नामाऐवजी आलेला नाही, तो फक्त कर्त्याची रिकामी जागा भरतो. आपण 'उद्या येतो' म्हणून मोकळे होतो, कोण येतो ते क्रियापद सांगतं. इंग्रजी वाक्यात 'आय' लिहावाच लागतो. उलट 'माझे बाबा ना, ते...' या आपल्या बोलण्याच्या सवयीनं 'माय फादर ही वर्क्स' असं लिहू नका. नाम किंवा सर्वनाम, दोन्हींपैकी एकच ठेवा.

'आम्ही' आणि 'आपण' हा आपला बारीक भेद इंग्रजीत नाही, दोन्हींना 'वी'. आणि 'आपण बसा' मधला आदराचा 'आपण' म्हणजे 'यू'.

आमच्याकडे पहिला तास विनाशुल्क असतो. येताना इंग्रजी निबंधाची जुनी वही आणा. त्यातल्या चुका आधी खोडू नका, शिकवायला आम्हाला त्याच लागतात.